मा. आरोग्यमंत्री, लिपिड प्रोफाइलसोबत दोन प्रश्नही विचारायला लावा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मी सातपूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अंबड-सातपूरचे कामगार, निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार रक्त तपासायला आमच्याकडे येतात. लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की घर हादरतं. तेल बंद, तूप बंद. कमी निघालं की सगळे निर्धास्त.

साहेब, मला काळजी या निर्धास्त घरांचीही वाटते. नैराश्यात अन्नावरची वासना उडते, वजन उतरतं, त्याबरोबर कोलेस्टेरॉलही उतरू शकतं. रिपोर्टात एकही आकडा ठळक छापलेला नसतो. ‘चांगलं कंट्रोल केलंत’ अशी शाबासकी मिळते आणि त्या माणसाला रात्र-रात्र झोप नसते, बागेकडे फिरकावंसंही वाटत नसतं. हे आमच्या मशीनला कळत नाही.

वयस्कर पुरुषांत कमी कोलेस्टेरॉल आणि नैराश्याची लक्षणं एकत्र दिसल्याचं १९९३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. कोलेस्टेरॉल उतरल्यानेच मन खचतं, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. मेंदू त्याला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. रक्तातलं तिथवर जवळजवळ पोहोचतच नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतही गोळीने नैराश्य वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा ‘गोळीने नैराश्य येतं’ असं व्हॉट्सॲपवर वाचून कुणी परस्पर गोळी सोडू नये, हे आपल्या खात्याने मराठीतून ठणकावून सांगावं.

दुसरीकडे, थायरॉईड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं आणि मनही मरगळतं. ते टीएसएच या थायरॉईडच्या साध्या रक्ततपासणीत कळतं, पण मनाचं कुणी विचारलंच नाही तर ती लिहून कोण देणार? हार्ट अटॅकनंतर साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यांच्या जिवाला पुढे धोकाही जास्त असतो.

आशाताई आजारांचा धोका ओळखायला भरून घेतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये दोन प्रश्न आधीच आहेत: गेल्या २ आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतं का? हेच प्रश्न आरोग्य शिबिरांत आणि कारखान्यांच्या वार्षिक तपासणीत, रक्त घेतानाच, पण चारचौघांत नव्हे, विचारले जावेत. उत्तर डॉक्टरांपर्यंतच जावं, मालकाच्या हाती पडू नये. लिपिड प्रोफाइलच्या प्रत्येक रिपोर्टखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापणं बंधनकारक करा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे, आमच्यासारख्यांना प्रशिक्षण तिथून मिळू शकेल. सुरुवात आमच्या जिल्ह्यापासून करा.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, सातपूर, नाशिक