विकायला शिकवता, तसे पाठवायलाही शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महिलांनी हाताने घडवलेल्या दागिन्यांना परदेशातून मागणी येत असल्याच्या बातम्या आपल्या कोकण पानावर अधूनमधून वाचायला मिळतात. मागणी खरी आहे. गणपतीच्या कितीतरी आधी लंडन, न्यू जर्सी, मेलबर्न येथून नथी, कुड्या आणि चिंचपेट्यांची विचारणा सुरू होते आणि नारळाच्या करवंटीच्या कर्णभूषणांना तर मराठीशी काही संबंध नसलेले ग्राहकही मिळतात. परंतु या महिलांसाठी भरणाऱ्या प्रशिक्षण वर्गांत छायाचित्र कसे काढावे, किंमत कशी ठरवावी, समाजमाध्यमांवर काय लिहावे हे सारे शिकवले जाते आणि पार्सल देशाबाहेर कसे जाते हा प्रश्न आला, की ‘कुरियरवाल्याला विचारा’ एवढ्यावर भागवले जाते. पैसा बुडतो तो नेमका याच टप्प्यावर.

नथीचेच पाहा. सीमाशुल्काच्या कागदावर ‘हस्तकला वस्तू’ असे मोघम लिहून चालत नाही, वस्तूचा एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, द्यावा लागतो. दिसायला एकसारख्या तीन नथी तीन वेगवेगळ्या कोडांखाली जातात. सोन्याच्या किंवा चांदीच्या तारेतली ७११३ मध्ये, पितळी तारेतली पण खऱ्या किंवा संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या) मोत्यांची ७११६ मध्ये आणि पितळी तारेला मुलामा देऊन नकली मोती ओवलेली ७११७ मध्ये. कोड बदलला की समोरच्या देशातील शुल्क बदलू शकते, शिवाय मौल्यवान धातूचा माल अनेक कुरियर कंपन्या स्वीकारतच नाहीत. म्हणजे मोती विकत घेतानाच तो काचेचा आहे की संवर्धित, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यायला हवे. हे मात्र कोणत्याही वर्गात सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा प्रश्न कर कोणी भरायचा याचा. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली मूल्यवर्धित करातील सूट १ जुलै २०२१ पासून बंद केली. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरील हा कर त्याच वर्षापासून विक्रीच्या वेळीच घेतला जातो. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकले, तर ती बाजारपेठच तो वसूल करून भरते; इन्स्टाग्रामवरून ब्रिटनमध्ये थेट विकणारीला तेथे स्वतः नोंदणी करावी लागते. अशा वेळी ग्राहकच सुचवतो, की ‘भेट’ म्हणून लिहा आणि किंमत कमी दाखवा. हे खोटे निवेदन ठरते, आणि पार्सल हरवले तर भरपाईही दाखवलेल्या किमतीपुरतीच मागता येते. आपल्याकडच्या संकोची स्वभावाला ग्राहकाला नाही म्हणणे जड जाते, म्हणून हा धडा वर्गातच पक्का व्हायला हवा.

अमेरिकेचा अनुभव तर ताजा आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून उठली. त्या आधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याला तिकडचे बहुतेक बुकिंग थांबवावे लागले आणि गणेश चतुर्थी होती २७ तारखेला. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, शुल्क येथेच आगाऊ भरण्याच्या पद्धतीने. तोवर दिवाळी आठवड्यावर आली होती. दोन्ही सणांसाठी करून ठेवलेला माल ज्यांच्या घरात पडून राहिला, त्यांना बाजारपेठ एकाच देशावर टांगू नये हे आता वेगळे सांगायला नको.

मालाच्या घटकांबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. टोचलेल्या कानात किंवा नाकात घालायच्या दागिन्यातून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल (त्वचेला त्रासदायक ठरू शकणारा धातू) सुटता कामा नये, असा युरोपचा नियम आहे. कुडीचा मळसूत्री दांडा स्थानिक बाजारातून आणताना त्याची खात्री कशी करायची? एकट्या कारागिराला प्रयोगशाळेची तपासणी परवडत नाही; दहा-वीस जणींनी दांडा एकाच पुरवठादाराकडून घेतला, तर एका तपासणीत सर्वांचे काम होऊ शकते. आपल्या समुद्रातील प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत आणि काही जातींचे शंख-शिंपलेही त्या कायद्याच्या कक्षेत येतात, तेव्हा किनाऱ्यावर मिळाले म्हणून ते दागिन्यात ओवून परदेशी पाठवता येत नाही.

टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत, तेथे निर्यातीचे कागद ऑनलाइन भरता येतात. आयात-निर्यात कोड, म्हणजे निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक, पाचशे रुपयांत मिळतो, मात्र त्यावरील माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते. कुरियरमध्ये बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे घेतले जातात, त्यामुळे वीस ग्रॅमच्या कुड्यांना टपालाचे नोंदणीकृत छोटे पाकीट पुष्कळदा स्वस्त पडत असे; ती सेवा मात्र २०२६ च्या सुरुवातीपासून बंद झाली.

जिल्हा उद्योग केंद्रांनी आपल्या वर्गांत यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि त्या दिवशी टपाल व सीमाशुल्क विभागाच्या जाणकार अधिकाऱ्यांना तालुक्याच्या ठिकाणी बोलावून, प्रत्येकीकडून तिच्याच एका दागिन्याचा निर्यातीचा अर्ज भरून घ्यावा. हे वर्ग एप्रिल-मेमध्ये झाले, तर गणपतीच्या ऑर्डरी येण्यापूर्वी कागदपत्रे तयार असतील.

आपली विश्वासू,
एक दागिने कारागीर
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग