कुशीनगरहून आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जयभीम.

काल कुशीनगरला पोचले, जिथे बुद्धांनी शेवटचा श्वास घेतला. इथल्या विहारात बुद्धांची सहा मीटर लांबीची मूर्ती आहे, उजव्या कुशीवर पहुडलेली. मी बराच वेळ तिच्या पायांशी बसून राहिले. आपल्या घरच्या तसबिरीतले बुद्ध पिंपळाखाली ताठ बसलेले, पस्तिशीतले. हे 80 वर्षांचे.

बाबा, सारनाथला त्यांनी पहिल्यांदा पाच जणांना जे सांगितलं, ते मला तुम्हीच शिकवलंत. दुःख आहे, त्याचं मूळ तृष्णेत आहे, तृष्णा विझली की दुःख संपतं, आणि तिथवर नेणारी आठ अंगांची वाट आहे. देहाचे लाड नकोत, छळही नको. लहानपणी मी हे पाढ्यासारखं म्हणायचे. काल वाटलं, ते 45 वर्षं हाच धम्म सांगत फिरले आणि स्वतःच्या म्हातारपणाकडेही तसंच बघत राहिले.

शेवटच्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, वैशालीजवळच्या बेलुव गावी, ते मोठ्या दुखण्यातून उठले. तेव्हा सोबतच्या शिष्याला, आनंदला म्हणाले, जुनी खिळखिळी गाडी बांधून-आवळून चालवावी, तसं माझं शरीर चाललं आहे. 'अत्तदीपा विहरथ', स्वतःच स्वतःचा आधार होऊन राहा, हेही त्याच बोलण्यातलं. त्याआधी एकदा कपिलवस्तूला, आपल्या शाक्य कुळाच्या नव्या सभागृहात, रात्री उशिरापर्यंत बोलून झाल्यावर त्यांनी आनंदला पुढचं सांगायला लावलं. पाठ दुखते, जरा आडवा होतो, म्हणाले. भरल्या सभेत! यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. आणि गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणून तुम्ही वंदना सांगायची सोडलीत, हे मला फार लागतं.

आई, तुझ्यासाठी चुंदाची गोष्ट. पावा गावच्या या लोहारानं वाढलेलं जेवण बुद्धांचं शेवटचं ठरलं. त्यानंतर रक्ताची हगवण लागली, तशातच ते इथवर चालत आले. वाटेत आनंदला बजावलं, चुंदाला कुणी दोष देईल, त्याचं मन खाईल. त्याला सांग, बोधीआधीचं, म्हणजे ज्ञान मिळण्याआधीचं अन्नदान आणि हे अन्नदान सारख्याच पुण्याचं. मरणाच्या दारात त्यांना काळजी वाढणाऱ्याच्या मनाची होती. बाबांची साखर वाढली की तू आपल्या स्वयंपाकाला बोल लावत बसतेस, तेव्हा हे आठव.

आषाढ पौर्णिमेला घरी येतेय. वंदना बाबांनीच सांगायची, खुर्चीत बसून. आम्ही मागून म्हणू.

तुमची लेक