त्या १८ गाठी

प्रिय आई आणि बाबा,

काल फोनवर आई हळूच म्हणाली, "एक म्हणता म्हणता अठरा गाठी निघाल्या गं." मागे बाबांचा खोकला ऐकू येत होता, पण ते फोनवर आले नाहीत. मग रात्रभर मला झोप नाही. बाबांच्या ऑपरेशनचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशी "सगळं चांगलं आहे" एवढंच सांगून मी स्टेशन गाठलं. तुमच्याजवळ बसून तो वाचून दाखवायला हवा होता. आता लिहून सांगते.

बाबा, कॅन्सरची गाठ एकच होती. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातली, २.२ सेंटीमीटरची. तो सगळा भागच काढला, त्यात तीही गेली. बाकीच्या १८ म्हणजे लिम्फ नोड, जंतूंशी लढणाऱ्या छोट्या ग्रंथी. आपण त्यांनाही गाठीच म्हणतो, म्हणून हा घोळ झाला. त्या आईच्या अंगात आहेत, माझ्याही आहेत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तेव्हा सुजते ती हीच गाठ.

फुफ्फुसातला कॅन्सर पसरायला लागला की पुष्कळदा आधी या नोडमध्ये शिरतो. काही फुफ्फुसाच्या मुळाशी असतात, काही छातीच्या मधोमध, श्वासनलिकेला लागून आणि तिचे दोन फाटे फुटतात त्याच्या खाली. तिथे चार पेशी जरी पोचल्या असतील तरी स्कॅनला त्या दिसतीलच असं नाही. म्हणून सर्जननी या वेगवेगळ्या जागांचे नोड काढून पाठवले आणि लॅबमध्ये प्रत्येकाचे काप करून ते मायक्रोस्कोपखाली पाहिले. रिपोर्टमध्ये '०/१८' लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच: १८ तपासले, एकातही कॅन्सर नाही.

डॉक्टर केमो नको म्हणाले तेही यामुळेच. "आता करण्यासारखं काही उरलं नाही" असं आईच्या मनात आलंय ते मला कळलं. तसं अजिबात नाही गं. एक जरी नोड खराब निघाला असता तर आजाराचा टप्पा (स्टेज) दुसरा किंवा तिसरा ठरला असता आणि औषधं सुरू करावी लागली असती.

ही संख्या का बघतात, तेही मी वाचलं. २०१७ साली चीन आणि अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांचे १६ किंवा जास्त नोड तपासले होते, ते सरासरीने जास्त जगले. पण जितके जास्त काढाल तितकं आयुष्य वाढेल, असं सरळ गणित नाही. अमेरिकेत हजारावर रुग्णांची चाचणी झाली होती. ठरावीक जागांचे नमुने स्वच्छ निघाल्यावर उरलेले सगळे नोड काढले, तरी जगण्यात फरक पडला नाही. फरक बहुधा टप्पा खरा कळण्यात आहे. दोन-तीनच नोड पाहून "पहिला टप्पा" म्हटलं, तर आत लपलेला आजार सुटू शकतो आणि त्या माणसाला हवी ती औषधं मिळत नाहीत. बाबांचा पहिला टप्पा १८ नोड बघून ठरला आहे. मला धीर येतो तो यामुळे.

आणि नोड काळे होते असं लिहिलंय, त्याला भिऊ नका. ती श्वासातून गेलेली धूळ आणि काजळी आहे. बाबांची अख्खी नोकरी कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये गेली, पण शहरात राहणाऱ्या पुष्कळ लोकांचे नोड असेच काळे असतात.

आजार परत येणारच नाही असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. म्हणून सहा महिन्यांनी सीटी स्कॅन करायचाच. त्या वेळी मी नागपूरला येईन. रिपोर्टचं ते पान फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, नव्या डॉक्टरांना आधी तेच दाखवायचं. बाबा, श्वासाच्या व्यायामाचं ते तीन छोट्या चेंडूंचं यंत्र रोज ओढता ना? उन्हं चढायच्या आत फिरून येत जा.

आई, काकू पुन्हा विचारायला आली की तिला हे पत्र वाचून दाखव.

तुमची,
ताई