नॉइज मोजायला शिकवणाऱ्या ताईंना मनापासून थँक्यू

ताई, तुम्हाला पर्सनली थँक्यू म्हणून झालंय, पण टेलिस्कोपच्या इन्फ्रारेड फोटोंमधला नॉइज, म्हणजे आकड्यांची उगाच होणारी वरखाली, खरा किती हे कसं मोजायचं ते तुम्ही जे समजावून दिलंत ते इतकं कामाचं आहे की सगळ्यांसमोर लिहावंसं वाटलं, अजून कुणी त्याच जागी अडकलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

इन्फ्रारेडमध्ये मुळात आकाशच उजळ असतं. एच बँड या इन्फ्रारेडच्या एका पट्ट्यात साधारण ८७ किलोमीटर उंचीवरचे हायड्रॉक्सिलचे रेणू चमकतात, त्याहून लांब तरंगलांबीच्या के बँडमध्ये हवेची आणि खुद्द टेलिस्कोपची उष्णता येऊन मिळते, आणि आपली फिकट दीर्घिका कधीकधी त्या उजेडाच्या हजाराव्या हिश्श्याएवढीही नसते. ते बॅकग्राउंड वजा करता येतं पण त्याचा फोटॉन नॉइज (प्रकाशकण कमीजास्त येण्यामुळे होणारी वरखाली) तिथेच राहतो, उलट जी स्काय फ्रेम वजा केली तिचा व्हेरियन्स (नॉइजचा वर्ग) वर मिळवावा लागतो. गेन (एका काउंटमागे किती इलेक्ट्रॉन) वापरून कॅमेऱ्याच्या काउंटचे इलेक्ट्रॉन करा, रीड नॉइजचा (पिक्सेल वाचताना कॅमेरा स्वतः घालतो त्या नॉइजचा) वर्ग मिळवा, हे कुठेही वाचायला मिळतं.

पुढचं मात्र तुमच्याकडूनच कळलं. थोड्या थोड्या सरकवून घेतलेल्या फ्रेम्स रीसॅम्पल करून (एकाच पिक्सेल-जाळीवर बसवून) एका मोठ्या चित्रात, म्हणजे मोझेकमध्ये, एकत्र केल्या की एका पिक्सेलचा सिग्नल शेजारच्यांत वाटला जातो, मग शेजारी पिक्सेलचा नॉइज एकमेकांशी जोडलेला असतो आणि एकेका पिक्सेलचा आरएमएस (सरासरी चढउतार) काढला तर तो मस्त कमी दिसतो, पण हे कमी दिसणं फसवं असतं. एरर बार खऱ्याच्या निम्मा धरला गेला तर २.५ सिग्माचा (नॉइजच्या अडीच पट उजळ) ठिपका ५ सिग्माचा होऊन खरी दीर्घिका म्हणून थेट कॅटलॉगमध्ये जातो! प्रोग्रॅमने दिलेला आकडा आणि मोझेकमध्ये डोळ्यांना दिसणारा नॉइज जुळत का नाही हे मला कितीतरी दिवस कुणी सांगू शकलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, आधी सगळे सोर्स (तारे, दीर्घिका) नीट मास्क कर, म्हणजे झाकून टाक, मग रिकाम्या आकाशावर शेकडो अ‍ॅपर्चर (मोजायची छोटी वर्तुळं) टाक, त्यातल्या फ्लक्सचा, म्हणजे एकूण प्रकाशाचा, स्कॅटर (पसारा) बघ, आणि साधं स्टँडर्ड डेव्हिएशन नको, मीडियनपासूनच्या फरकांचा मीडियन काढून त्याला १.४८२६ ने गुण, म्हणजे मास्कमधून सुटलेला एखादा तारा आकडा बिघडवणार नाही. मग हेच लहानमोठ्या अ‍ॅपर्चरसाठी करायचं. पिक्सेल स्वतंत्र असते तर स्कॅटर पिक्सेलच्या संख्येच्या ०.५ घाताने वाढला असता, पूर्ण जोडलेले असते तर १ घाताने, खरा डेटा या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तुम्ही तयार कोड हातात दिला नाहीत, ग्राफ आधी मला काढायला लावलात आणि मग तासभर फोनवर थांबून एकेक शंका ऐकून घेतलीत, तेही स्वतःचं काम बाजूला ठेवून. इतकं कोण करतं हो.

आता सगळ्या फिल्टरचे व्हेरियन्स मॅप त्या स्कॅटरप्रमाणे स्केल करतेय. के बँडचा घात मोझेकच्या कडेला, जिथे फ्रेम्स कमी पडल्यात तिथे, वेगळा येतोय, तर कडेचा भाग वेगळा मोजावा असं मला वाटतं. ग्राफ पाठवलाय, सवडीने बघा.