रेसनंतर मुलींच्या किडनीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर मुलींच्या मेडल्सच्या बातम्या वाचून खूप बरं वाटतं, पण खेळताना त्यांच्या किडनीवर काय ताण येतो यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझी मुलगी लांब पल्ल्याची रनर आहे. एका रेसनंतर तिची लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि तिने दोन दिवस सांगितलंच नाही, का तर कोच टीममधून काढतील. बॅग आवरताना बघते तर पाण्याची बाटली तशीच भरलेली आणि पेनकिलरची स्ट्रिप अर्धी रिकामी. पाळी चालू म्हणून गोळ्या, आणि ग्राउंडवर धड टॉयलेट नाही म्हणून सकाळपासून पाणी नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, किडनीचं काम मंदावलं की वाढतो) 0.9, लॅबने नॉर्मल छापलं. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला, त्यात 0.6 होतं, म्हणजे दीडपट वाढलेलं. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, त्यामुळे बारीक मुलींचं मुळातच कमी असतं आणि वाढलं तरी नॉर्मलच दिसतं, सीझनच्या आधीचा एक रिपोर्ट हाताशी नसेल तर कळणार कसं?

त्यांनीच समजावलं की जोरात पळताना रक्त स्नायूंकडे वळतं आणि किडनीला खूप कमी मिळतं, तेव्हा ती आपल्या रक्तवाहिन्या कशाबशा उघड्या ठेवते, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या नेमकी तीच सोय बंद करतात. हे मला इतकी वर्षं कुणीच सांगितलं नव्हतं!

रेसनंतर लघवीत थोडं प्रोटीन किंवा रक्त दिसणं तसं कॉमन आहे, बहुतेक वेळा 24 ते 48 तासांत जातं, तेव्हा लगेच घाबरू नका पण दोन दिवसांनी परत टेस्ट कराच. लघवी गडद आणि अंग प्रचंड दुखतंय, सुजलंय असं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी पाजणंही चूकच, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं, 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या बायकांपैकी 22 टक्के जणींचं कमी निघालं होतं.

माझी लेक आता बरी आहे, परत पळतेय. कोच लोकांना विनंती, पाळी आणि गोळ्यांबद्दल मुलींना मोकळेपणाने विचारा, त्या आपणहून सांगणार नाहीत. आणि संपादक साहेब, तुमचा वार्ताहर पुढच्या स्पर्धेला जाईल तेव्हा मुलींसाठी वापरण्यासारखे टॉयलेट किती होते तेवढं मोजून निकालाच्या बातमीत छापा.

आपली,
एका रनरची आई