रॅकवरील रिकामी जागा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. खाणीच्या लॅम्प रूमची, म्हणजे कामगारांचे दिवे ठेवण्याच्या आणि देण्याघेण्याच्या खोलीची, जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून फार आनंद झाला. नव्या कॅप लॅम्पना, म्हणजे टोपीवर लावायच्या दिव्यांना, इलेक्ट्रॉनिक टॅग असल्यामुळे आता पितळी बिल्ल्यांची गरज उरणार नाही, असे तू लिहिले आहेस. त्या वाक्यापाशी मात्र मी अडलो, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

माझ्या उमेदीच्या काळातली एक रात्र तुला सांगितलीच पाहिजे. आमच्याकडे पद्धत अशी होती की कामगाराने खिडकीत आपला बिल्ला द्यायचा, त्याच्या क्रमांकाचा दिवा घ्यायचा, आणि बिल्ला रॅकवर त्या दिव्याच्या रिकाम्या जागी लटकत राहायचा. माणूस वर आला की दिवा परत आणि बिल्ला त्याच्या हाती. त्या रात्री पाळी सुटल्यावर २१४ क्रमांकाची जागा रिकामी होती आणि बिल्ला तिथेच लटकत होता. माणूस खाली राहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस मिनिटे त्याचा शोध चालला. दोघे जण पुन्हा पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली गेले आणि बचाव पथकाला सज्ज राहण्याचा निरोप गेला. शेवटी दिवा सापडला तो २४१ च्या जागेवर, कारण त्या क्रमांकाचा मूळ दिवा दुरुस्तीला गेल्याने ती जागा मोकळी होती. तापाने फणफणलेला तो माणूस गर्दीत दिवा खिडकीत ठेवून बिल्ला न घेताच घरी गेला होता, आणि क्रमांक नीट न वाचता दिवा टांगणारा मी होतो. चूक सर्वस्वी माझी होती. तरीही, चूक झालेली असतानासुद्धा त्या पद्धतीने माणूस बेपत्ता असल्याचे पाळी सुटताच ओरडून सांगितले, ही गोष्ट माझ्या मनात कायमची बसली.

टॅगचे मोल मी कमी लेखत नाही. खाणीत ठिकठिकाणी टॅग वाचणारी यंत्रे असतील, तर कोणता दिवा कोणत्या वाटेने शेवटचा गेला हे कळते, आणि अपघाताच्या वेळी पथकाला कुठून सुरुवात करायची ते ठरवता येते. पण टॅग दिव्याला असतो, माणसाला नसतो. कोणी घाईत शेजाऱ्याचा दिवा उचलला, तर पडद्यावर भलत्याच माणसाचे नाव चालत राहील. बिल्ला मात्र माणसाने स्वतःच्या हाताने दिलेला असतो आणि वीज गेली तरी जागेवर लटकत असतो. म्हणून दोन्ही ठेव, आणि पाळी सुटल्यावर दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहा.

आता चार्जिंगविषयी. मी अनेक वर्षे लेड-ॲसिडचे दिवे हाताळले. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची ती दोन सेलची, चार व्होल्टची जड बॅटरी होती. परत आलेल्या दिव्याचा हेडपीस, म्हणजे टोपीवर बसणारा बल्बचा भाग, रॅकच्या खुंटीवर बसवून फिरवला की बल्बकडे जाणारी वाट तुटते आणि प्रवाह बॅटरीकडे वळतो. शेजारच्या लहान मीटरचा काटा आधी वर चढतो, मग बॅटरी भरत जाईल तसा हळूहळू खाली उतरतो. काटा हललाच नाही तर बहुधा संपर्काच्या पट्टीवर हिरवट पूड साचलेली असते. ती पुसली नाही तर दिवा रात्रभर रॅकवर असूनही सकाळी रिकामाच निघतो. काटा उतरायचे नावच घेत नसेल तर सेलचे आयुष्य संपत आले असे समज. या बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी वेळेवर घालावे लागे, आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटत असल्याने खोलीत हवा खेळती ठेवावी लागे, कारण हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो. तुझ्याकडच्या लिथियमच्या दिव्यांना पाणी लागत नाही आणि ते हलकेही आहेत. पण फुगलेली बॅटरी किंवा तडा गेलेले आवरण दिसले तर तो दिवा त्याच क्षणी बाजूला काढ, ‘आजची पाळी निघून जाईल’ असा विचार करू नकोस.

दिवा असा मोजून देण्याघेण्यामागे मोठा इतिहास आहे. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ पुरुष आणि मुले मरण पावली. त्यानंतर, १८१५ मध्ये, इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवलेला दिवा तयार केला. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली ज्योत बाहेरच्या मिथेनला, म्हणजे कोळसा खाणीतल्या ज्वालाग्राही वायूला, पेटवू शकत नाही. मिथेन हवेत साधारण पाच ते पंधरा टक्के असेल तेव्हा स्फोट होतो, आणि जाळीला एखादे भोक पडले किंवा कोणी दिवा खाली उघडला तर सगळी योजना व्यर्थ. म्हणूनच दिवे वरती तपासून, कुलूपबंद करून, क्रमांकाने द्यावे लागत. दिव्यांची मोजणी आणि माणसांची मोजणी एकाच खिडकीत आली ती त्यामुळेच, असे मला वाटते.

एक विनंती आहे. प्रत्येक कामगाराला रोज त्याचाच दिवा दे. आपल्या दिव्याची केबल कुठे घासते, उजेड कितव्या तासाला मंदावतो, हे तोच सर्वांत आधी सांगतो, आणि त्याची तक्रार त्या क्रमांकापुढे तारखेसह लिहून ठेवली की कोणती बॅटरी थकत चालली आहे ते महिनाभर आधी दिसते. निम्म्या पाळीत अंधारात सापडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या उजेडाचा आधार घेत परतावे लागते, आणि तो दुसरा दर वेळी जवळ असतोच असे नाही.

तुझ्या नोंदवहीचे रकाने कसे आखले आहेस ते पुढच्या पत्रात कळव. परत न आलेल्या दिव्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहेस का, आणि पाळी सुटल्यावर किती मिनिटांनी तो भरायचा ठरवले आहेस, तेही लिही.

तुझा स्नेहांकित मित्र