कुर्बान

प्रिय आई-पप्पा,
सलाम.

फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर आपलं काय होतं माहितीय ना, जेवलास का, जेवलो, गोळ्या घेतल्या का, घेतल्या, बरं मग ठेवू का, संपलं. म्हणून टाइप करून प्रिंट काढून पाठवतोय, मोठ्या अक्षरात, आईला चष्मा शोधायला नको.

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना केडगावला नेलं, मुक्ति मिशन बघायला. (आपल्या नगरचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं.) एकोणीस जण, आणि सगळं माझ्याकडे, बस, डबे, कोणाच्या शुगरच्या गोळ्या, एका आजींना तर प्रत्येक पायरी हाताला धरून चढवली. तिथं ते मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंचं ऐकलं, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून वाढवल्या, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२१ ला एकुलती एक लेक मनोरमा गेली तरी काम सोडलं नाही, १९२२ ला स्वतः जाईपर्यंत तेच. मी ऐकत होतो आणि एकीकडे आजींना हात देतानाचा माझा फोटो ग्रुपवर टाकत होतो. अंगठे येत होते, बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

निघताना त्याच आजी म्हणाल्या, "बाळा, परक्यांचं एवढं करतोस, तुझ्या आईवडिलांचं तर किती करत असशील."

आई, त्या दिवशी तुला फोन करून नऊ दिवस झाले होते. तिथून दौंडवरून नगर, मी एकटा उतरून गेलो असतो तर संध्याकाळी घरी होतो. बस पुण्याकडे वळली आणि मला, कसं सांगू, हायसं वाटलं.

मग पुढच्याच रविवारी उपासनेत वाचन निघालं मार्कचा सातवा अध्याय. परुशी, म्हणजे तेव्हाचे यहुदी धर्मपुढारी, म्हणायचे की कोणी आईबापाला सांगितलं, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण केलंय, की तो मोकळा, त्यावर प्रभू येशू त्यांना झापतो. शब्बाथशाळेपासून ऐकतोय हे. मला कायम वाटायचं ही पैशाची गोष्ट आहे, आणि पैसे तर मी पाठवतो की एक तारखेला. पाठवतो म्हणजे काय, बँकेत ऑटो लावून ठेवलंय, मला आठवण पण ठेवावी लागत नाही.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय की मी हे परक्यांचं कशासाठी करतो. कौतुक आवडतं हे आहेच, पण नुसतं तेवढं नाही. त्या आजी पूर्वी कशा होत्या मला माहीत नाही, त्यामुळे त्या थकलेल्या बघून मला काही होत नाही. घरी आलो की पप्पांचा कप बशीवर टकटक वाजतो, पप्पा दुसऱ्या हातानं तो दाबून धरतात आणि आपण तिघंही टीव्हीकडे बघतो. गालावर दाढीचे कापलेले ओरखडे असतात, त्यावर कोणी बोलत नाही. मी त्या आवाजापासून पळतो पप्पा. प्रीती नाही असं नाही, पण भीती तिच्या पुढं जाऊन बसलीय.

तुम्हाला ते अंडं आठवतं का? हंगामाच्या सणाला चर्चमध्ये लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव, एका म्हातारीनं एकच अंडं आणलेलं आणि तुम्ही बोली ४० रुपयांवर नेलीत, तेव्हा त्यात तीन डझन आली असती, सगळ्या मंडळीनं टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत ते खिशात फुटलं, आई शर्ट धुताना हसत पण होती आणि चिडत पण होती. आणि रात्री प्रार्थनेत तुम्ही मोठ्यानं म्हणालात, प्रभू, ती बोली मी तिच्यासाठी नाही केली, मागच्या बाकावरच्या साहेबांना हरवायला केली. मी फिदीफिदी हसलो आणि मार खाल्ला. पण पुढच्या वर्षी तुम्ही परत बोली लावलीत, हे मला आत्ता आठवतंय. मन एकदम साफ झाल्यावरच जाईन म्हणून बसलो तर मी नगरला यायचोच नाही.

हे पत्र पण थोडं माझंच ओझं उतरवायला लिहिलंय, ते तुम्हाला कळेलच.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येतो. यावेळी फळं, ड्रायफ्रूट, बीपीचं मशीन काही आणत नाही, आई नंतर विचारू नकोस पिशवी कुठंय. रविवारी चर्चला जायच्या आधी पप्पांची दाढी मी करून देतो. पप्पा नको नको म्हणतील, तू लक्ष देऊ नकोस, फक्त नवीन ब्लेड घरात आहे का ते बघून ठेव.

तुमचा,
बाळू